घाटाखालच्या हवेत जुन्या गाडीला ब्लोअर

जुन्या स्पोर्ट्स कारला सुपरचार्जर, म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून सिलिंडरांत जादा हवा कोंबणारा ब्लोअर, बसवायचं मनात आलं की माणूस आधी ब्लोअरच शोधायला लागतो. माझं सांगणं उलट आहे. ब्लोअर सगळ्यात शेवटी घ्या. तो एकदा घरात आला की इंजिन तपासायचा धीर राहत नाही. शिवाय ब्लोअर बोल्ट करणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग. खरी झटापट हवेशी असते: दाबली की ती किती तापते, समुद्रसपाटीला किती दाट असते आणि आमच्या वेंगुर्ल्यासारख्या ठिकाणी तिच्यात मीठ किती असतं.

मी बोटीवर इंजिनीअर होतो. आमच्या पिढीला ब्लोअरची नवलाई नाही. डेट्रॉइट डिझेलच्या ६-७१ सारखं टू-स्ट्रोक इंजिन ब्लोअरशिवाय श्वासच घेत नाही. त्या नावातले ६ म्हणजे सिलिंडर आणि ७१ म्हणजे एका सिलिंडरचे घन इंच. हेच ब्लोअर अमेरिकेतल्या पोरांनी डिझेल इंजिनांवरून उतरवून आपल्या मोटारींवर चढवले. यंत्र तर त्याहून जुनं. रूट्स बंधूंनी पेटंट घेतलं १८६० मध्ये, मोटार जन्माला यायच्या आधी.

माझी गाडी सॅन स्टॉर्म. दोन सीट, कापडी टप, फायबरची बॉडी, आत रेनॉचं ११४९ सीसीचं आठ व्हॉल्व्हचं इंजिन, कागदावर साधारण ६० हॉर्सपॉवर. फायबर गंजत नाही म्हणून कोकणात ही गाडी शहाणपणाची, असं लोक समजतात. खाली वाकून चासी पाहिली की समज दूर होतो. पुढचे आकडे या गाडीचे आहेत, पण हिशोबाची रीत कुठल्याही जुन्या पेट्रोल इंजिनाला लागू पडते.

कायद्याचं आधी उरकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल करून गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. अपघात झाला तर विमा कंपनीच्या हातात आयतं कोलीत मिळतं. म्हणून माझी स्टॉर्म ब्लोअरसकट सरकारी रस्त्याला लागत नाही. ट्रेलरवर चढते, कोईमतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर पळते आणि ट्रेलरवरूनच परत येते. भाचा म्हणाला, "काका, मगे हेचो उपयोग काय?" त्याला म्हटलं, होडीच्या शर्यतीला तरी काय उपयोग असतो रे.

इंजिन आधी

गरम इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरात तयार होणारा दाब, मोजा. चारही प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली. आकडा किती आला यापेक्षा चारही सिलिंडर एकमेकांच्या १० टक्क्यांत आहेत का ते महत्त्वाचं. नंतर लीक-डाउन टेस्ट: सिलिंडरात बाहेरून हवा भरायची आणि ती कुठून गळते ते बघायचं. हवा सायलेन्सरमधून फुसफुसली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. यातलं काहीही असेल तर ब्लोअरचे पैसे आधी तिथे घाला. थकलेल्या इंजिनावर दाब टाकला की ते लवकर मरतं, एवढंच.

मूळ कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन वर येताना हवा किती पट आवळतो ते, पाहा. ज्या गाड्या कारखान्यातूनच सुपरचार्जर घेऊन आल्या त्यांचे आकडे बोलके आहेत. टोयोटाच्या साध्या ४ए-जीई इंजिनाचा रेशो ९.४ होता, त्याचाच सुपरचार्ज्ड भाऊ ४ए-जीझेडई सुरुवातीला ८.० वर आणला गेला. २००२ ते २००६ च्या मिनी कूपर एसला ८.३. माझं इंजिन साडेनऊच्या आसपास. म्हणजे कारखान्यातल्या मंडळींनी जी सूट पिस्टनमध्ये दिली ती माझ्याकडे नाही. ती मला कमी बूस्ट (वातावरणाच्या वरचा जादा दाब), थंड हवा आणि मागे घेतलेलं इग्निशन (उशिरा पडणारी ठिणगी) यांतून भरून काढायची आहे. ओतीव पिस्टन आणि असा रेशो असेल तर ०.४ बारच्या वर जायचं नाही, ही माझी रेघ. ०.४ बार म्हणजे सहा पीएसआयला जरा कमी.

टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, इंजिन माउंट नवे घाला. रेडिएटरमध्ये विहिरीचं किंवा बोअरचं पाणी नको; कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं. किनाऱ्यालगतच्या बोअरचं पाणी अ‍ॅल्युमिनियमच्या हेडचं काय करतं ते बघायचं असेल तर कुठल्याही जुन्या होडीचं इंजिन उघडून पाहा.

ब्लोअर केवढा?

इथे पाटी-पेन्सिल घेऊन बसा. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत आपल्या सीसीएवढी हवा ओढतं. म्हणजे ११४९ चं इंजिन एका फेरीला ५७४ सीसी. पण ते पूर्ण भरत नाही. ८५ टक्के धरा, म्हणजे ४८८ सीसी.

आता ब्लोअर. मी आयसिनचा एएमआर५०० घेतला, म्हणजे एका फेरीला ५०० सीसी. मिनी कूपर एसवरचा ईटन एम४५ एका फेरीला ४५ घन इंच, म्हणजे ७३७ सीसी टाकतो. दीड-पावणेदोन लिटरच्या इंजिनाला तो बरा, माझ्या इंजिनाला मोठा. माझी क्रँक पुली १४० मिलिमीटरची. ब्लोअरवर ९० ची पुली लावली तर क्रँकच्या एका फेरीला ब्लोअर १.५५ फेऱ्या मारेल. ५०० गुणिले १.५५ म्हणजे ७७५ सीसी. रोटर आणि केसिंगच्या फटीतून काही परत जातं, म्हणून याचेही ८५ टक्के: ६५९ सीसी.

६५९ भागिले ४८८ केलं की १.३५ येतं. इंजिनात ३५ टक्के जास्त हवा जाणार. इंटरकूलरनंतर (दाबून तापलेली हवा गार करणारा तो) हवा ५० अंशांवर राहिली तर इतकी हवा कोंबायला मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळकांड्यात, वातावरणाच्या १.४ पट दाब लागतो, म्हणजे ०.४ बार बूस्ट. रेघ तिथेच आखली होती, हिशोब जुळला. ६००० आरपीएमला ब्लोअर सव्वानऊ हजारांच्या आसपास फिरेल. तुमच्या ब्लोअरची मर्यादा निर्मात्याच्या कागदावरून तपासा. जपानी वापरलेले ब्लोअर मिळतात, आणि त्याच नावाच्या हुबेहूब नकलाही मिळतात. कुठलाही असो, पुली हाताने फिरवा. खरखर नको, रोटर केसिंगला कुठे घासल्याची चमक नको, शाफ्ट वर-खाली हलता नये. गिअरच्या बाजूचं ऑइल काढून नवं भरा, आणि ते ठरलेल्या पातळीला राहील अशाच कलात ब्लोअर बसला पाहिजे.

टर्बो का नाही, असं मला सारखं विचारतात. टर्बो एक्झॉस्टच्या वाया जाणाऱ्या शक्तीवर चालतो, कागदावर तोच सरस. पण त्याला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड नवा, ऑइलच्या लाइनी नव्या, आणि फायबरच्या बॉडीत लालबुंद लोखंड. मला झोप प्यारी आहे. शिवाय रूट्स ब्लोअर २००० आरपीएमपासूनच ढकलायला लागतो, आणि छोट्या इंजिनाला गरज तिथेच असते.

तापलेली हवा

हा भाग नीट वाचा, कारण पिस्टनला भोकं इथे पडतात.

बाहेरची हवा ३५ अंश. ती १.४ पट दाबली तर आदर्श यंत्रातही ती ३० अंशांनी तापेल. रूट्स ब्लोअर आदर्श नाही. ५५ टक्के कार्यक्षमता धरली तर तापमान ५५ अंशांनी चढतं. म्हणजे ब्लोअरच्या तोंडाशी ९० अंश. गरम हवा विरळ असते, त्यामुळे ४० टक्के दाब वाढूनही हवा वाढते फक्त १८ टक्के. तीच हवा ५० अंशांवर आणली की वाढ ३३ टक्क्यांवर जाते. दाबाचा काटा दोन्ही वेळा तेच दाखवतो. म्हणून नुसता बूस्ट गेज लावून खूश होणाऱ्यांना मी आधी इनटेकचं तापमान विचारतो.

आता कमाईचा खरा हिशोब. ६० च्या ३३ टक्के जास्त म्हणजे ८०. त्यातून हवा दाबायला ५५०० आरपीएमला पाचेक हॉर्सपॉवर जातात, बेल्ट आणि गिअर अजून एक-दोन खातात. हातात राहतात ७३-७४. एवढ्यासाठी एवढा खटाटोप? हो. कारण टॉर्क २५०० पासून वाढतो, आणि वळणातून बाहेर पडताना गिअर खाली टाकायची घाई राहत नाही. दुप्पट पॉवरची आशा असेल तर दुसरं इंजिन बसवा.

इंटरकूलर दोन प्रकारचे. एअर-टू-एअर साधा, त्यात बिघडण्यासारखं काही नाही. पण तो पुढे रेडिएटरसमोर लागतो, लांब पाइप येतात, आणि स्टॉर्मच्या नाकात जागा नाही. मी वॉटर-टू-एअर केला: मॅनिफोल्डजवळ छोटा कोअर, पुढे स्वतंत्र छोटा रेडिएटर, मध्ये बारा व्होल्टचा पंप आणि छोटी टाकी. जहाजावर चार्ज एअर कूलर पाण्यानेच थंड करतात, त्यामुळे मला ते हातचं. हे पाणी इंजिनाच्या कूलंटपासून पूर्ण वेगळं ठेवा. पंपाला इग्निशनवर रिले द्या आणि पाणी टाकीत परत पडताना दिसेल अशी जागा ठेवा, म्हणजे पंप बंद पडलेला डोळ्यांना कळतो. भाच्याची सूचना अशी की टाकीत मासळीचो बरफ घालूया. ड्रॅग रेसवाले बर्फ घालतात हे खरं, पण त्यांची शर्यत काही सेकंदांची. आपल्या दमट हवेत कोअर बर्फाने गार केला तर आतल्या बाजूला पाणी सुटेल आणि ते थेट सिलिंडरकडे जाईल. जहाजावर कूलरखाली पाणी काढायचा कॉक असतो तो उगाच नाही.

ब्रॅकेट आणि बेल्ट

ज्या गाडीला एसी आहे तिथे एसीच्या कॉम्प्रेसरची जागा ब्लोअरसाठी उत्तम. ब्लॉकवर मजबूत बोल्टाची भोकं तयार असतात आणि बेल्टची वाटही तिथूनच जाते. उघड्या टपाच्या गाडीत एसीचा मोह सोडायला हरकत नाही.

ब्लोअर जागेवर धरायच्या आधी त्याच्या फिरण्याची दिशा पाहा. पट्ट्याच्या दातेरी बाजूने चालवला की तो क्रँकच्याच दिशेने फिरणार. ब्लोअरवरचा बाण उलटा असेल तर तो दुसऱ्या तोंडाने बसवावा लागेल किंवा दुसरा ब्लोअर घ्यावा लागेल. पट्ट्याच्या पाठीने ब्लोअर ओढण्याच्या भानगडीत पडू नका, पकड मिळत नाही.

मग पुठ्ठा. पुठ्ठ्याचा ब्रॅकेट कापा, बसवा, बोनेट लावून बघा. इंजिन माउंटवर हलतं हे विसरू नका; बोनेट आणि ब्लोअर यांच्यात दोन बोटं तरी फट हवी. नंतर तोच आकार प्लायवूडमध्ये, आणि तो पटला की १० मिलिमीटरच्या माइल्ड स्टीलच्या पट्टीत. मी ते काम कुडाळच्या एमआयडीसीत करून घेतलं. मेस्त्रींनी प्लायवूडचा तुकडा हातात घेऊन विचारलं, "ह्या बोटीचा की गाडयेचा?" मग स्वतःच एक आडवी पट्टी सुचवली, आणि ती बरोबर होती. एकच जाड पट्टी ब्लॉकला धरली तर ती बेल्टच्या ओढीने लवते; ब्लोअरच्या दुसऱ्या टोकाला आधार दिला की त्रिकोण होतो आणि हलणं थांबतं. ओतीव अ‍ॅल्युमिनियमच्या कव्हरवर, उदाहरणार्थ टायमिंग कव्हरवर, वजन टाकू नका.

बोल्ट ८.८ ग्रेडचे, झिंक प्लेटिंगचे. बंदरावर सगळे स्टेनलेस वापरा म्हणतात. होडीच्या डेकवर ते ठीक, पण खाऱ्या हवेत अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यात स्टेनलेस बोल्ट राहिला की अ‍ॅल्युमिनियम पांढरं पीठ होऊन बोल्टाला धरतं. कुठलाही बोल्ट असो, आट्यांना अँटी-सीझ लावा, आणि मग टॉर्क थोडा कमी धरा, कारण वंगण लागल्यावर त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो.

बेल्ट पॉली-व्ही, सहा दात्यांचा. सहा पीके म्हणून मागा; पुढचा आकडा म्हणजे मिलिमीटरमधली लांबी, ६ पीके १२५५ असा. लांबी सुतळीने मोजा, टेन्शनर मधल्या जागी ठेवून. टेन्शनर ढिल्या बाजूला लागतो: क्रँक पुली सोडून ब्लोअरकडे जाणारा भाग ढिला, ब्लोअरकडून क्रँककडे येणारा ताठ. ढिल्या बाजूला बाहेरून आत दाबणारा आयडलर ब्लोअरच्या पुलीजवळ ठेवला की पट्टा पुलीला जास्त कवटाळतो. निम्म्या परिघापेक्षा कमी कवटाळत असेल तर पावसाळी हवेत तो किंचाळणार. आणि पुल्या एका रेषेत हव्यात. सरळ पट्टी लावून पाहा, एका मिलिमीटरच्या वर फरक नको. दात्यांमधलं अंतरच ३.५६ मिलिमीटर आहे, त्यात तिरकं चालायला जागा कुठली.

नळ्या पटकन सांगतो. थ्रॉटल बॉडी ब्लोअरच्या आधी ठेवा. केबलचा थ्रॉटल असेल तर सोपं पडतं आणि थ्रॉटल मिटल्यावर ब्लोअर बंद पाइपात हवा कोंबत बसत नाही. ब्लोअरच्या आत आणि बाहेर जोडणारा व्हॅक्यूमवर उघडणारा बायपास हवाच. पाय हलका असताना हवा त्यातून फिरत राहते, ब्लोअर गार राहतो. क्रँककेसमधली वाफ इनटेककडे नेणाऱ्या पीसीव्ही नळीला एकदिशा व्हॉल्व्ह घाला, नाहीतर बूस्ट क्रँककेसमध्ये शिरून ऑइल सीलवाटे बाहेर पडेल. ब्रेक बूस्टरचा व्हॉल्व्ह तोंडाने फुंकून तपासा. सगळं जोडल्यावर इनटेकचं तोंड बंद करून टायरच्या पंपाने ०.५ बार हवा भरा आणि साबणाचं पाणी मारा. फेस दिसला तिथे क्लॅम्प आवळा.

पेट्रोल

आता पंपावर मिळतं ते ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या इथेनॉलसाठी बनलेल्या नाहीत, त्या सुजतात आणि चिरतात. बूस्टच्या गाडीत ही जोखीम नको. टाकीपासून इंजेक्टरांच्या रेलपर्यंत जे३०आर९ प्रतीची इंजेक्शन होज घाला. इथेनॉलचा फायदाही आहे, ते नॉकिंगला, म्हणजे मिश्रण अवेळी स्वतःच पेटून पिस्टनवर ठोके बसण्याला, चांगलं तोंड देतं. पण त्याला हवेच्या मानाने पेट्रोल जास्त लागतं: साध्या पेट्रोलचं प्रमाण १४.७ असतं, ई२० चं १३.५ च्या आसपास. म्हणून एअर-फ्युएलचे आकडे डोक्यातून काढा आणि एक्झॉस्टमधला वाइडबँड सेन्सर लॅम्डामध्ये वाचा: १ म्हणजे हवा-पेट्रोल अगदी बरोबर, एकाच्या खाली म्हणजे पेट्रोल जास्त. इंधन कुठलंही असलं तरी लॅम्डा १ म्हणजे १.

इंजेक्टर: ७५ हॉर्सपॉवरचं सुपरचार्ज्ड इंजिन आणि ई२० धरून, ८० टक्क्यांच्या वर न उघडता, एका इंजेक्टरला मिनिटाला १६५ सीसी लागतात. मी २०० च्या घरातले घेतले. पंपाची परीक्षा घरी होते. रिटर्नची नळी बाटलीत सोडा, पंप ३० सेकंद चालवा. अर्धा लिटर आलं तर तासाला ६० लिटर; माझ्या इंजिनाला पूर्ण जोरात ३० ते ३२ लागतात, म्हणजे भरपूर. हे करताना बॅटरीची जोडणी दूर, विडीवाला शेजारी त्याहून दूर. रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी ब्लोअरनंतरच्या मॅनिफोल्डला जोडा, म्हणजे ०.४ बार बूस्टला इंधनाचा दाबही ०.४ ने वाढतो.

मूळ ईसीयू, म्हणजे पेट्रोल आणि ठिणगी ठरवणारा इंजिनाचा कॉम्प्युटर, हे सांभाळणार नाही. मूळ मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) वातावरणाच्या दाबापर्यंतच वाचतो, बूस्टमध्ये त्याला काहीच कळत नाही. स्टँडअलोन ईसीयू घ्या. मेगास्क्वर्ट किंवा स्पीडुइनो पुरेसे आहेत. सोबत २.५ बारचा मॅप सेन्सर, आणि इनटेकच्या तापमानाचा उघड्या टोकाचा सेन्सर इंटरकूलरच्या नंतर. ब्लोअरइतकाच खर्च इथे येतो. तो वाचवून बूस्टवर दाब चढवणारा जुगाडू रेग्युलेटर लावणारे आहेत; माझ्या ओसरीवर त्यांना चहा मिळेल, सल्ला नाही.

प्लग मूळपेक्षा एक नंबर थंड, गॅप ०.७ ते ०.८ मिलिमीटर.

मॅप कुठे करायचा, आणि घाट उतरल्यावर काय होतं

सुरुवातीचा मॅप (कुठल्या दाबाला आणि आरपीएमला पेट्रोल किती आणि ठिणगी कधी, हा ईसीयूतला तक्ता) सावध ठेवा. बूस्टमध्ये लॅम्डा ०.८० ते ०.८२. इग्निशन दर पीएसआयला साधारण एक अंश मागे, ०.४ बारला सहा येतात, मी सुरुवात आठने करतो. इनटेक ५० अंशांच्या वर गेलं की अजून मागे येईल असा तक्ता ईसीयूत भरा.

नॉकिंग कानाने ऐकायची जुनी युक्ती अजून उत्तम आहे. फ्रिजवाल्याकडून तांब्याची नळी घ्या, एक टोक ठोकून चपटं करा, भोक पाडून ब्लॉकच्या बोल्टाखाली आवळा. दुसऱ्या टोकाला रबरी नळी आणि ती कारखान्यातल्या इअरमफमध्ये. ईसीयूला नॉक सेन्सर असेल तर त्याची फ्रिक्वेन्सी बोअरवरून काढतात: ९०० ला पाय (π, म्हणजे ३.१४) आणि मिलिमीटरमधल्या त्रिज्येच्या गुणाकाराने भागलं की किलोहर्ट्झ मिळतात. माझा बोअर ६९, त्रिज्या ३४.५, उत्तर ८.३.

डायनो, म्हणजे गाडी जागेवर पळवून पॉवर मोजायचं यंत्र, आमच्याकडे नाही, त्यासाठी पुण्या-मुंबईकडे जावं लागतं. आणि पुण्याचा डायनो कोकणच्या गाडीला अर्धंच सत्य सांगतो. पुणे ५६० मीटर उंच. तिथे हवेचा दाब ०.९५ बार, वेंगुर्ल्याला १.०१. ब्लोअर हवा १.४ पट करतो, कुठेही. म्हणजे पुण्यात मॅनिफोल्डमध्ये पूर्ण दाब १.३३ बार, आणि घाट उतरून आल्यावर १.४१. पुण्यात पूर्ण जोरात गाडी मॅपच्या ज्या रांगेत पोचते, तिच्या वरची रांग तिथे उघडतच नाही. ती कोणी भरलेली नसते, किंवा ट्यूनरने खालचेच आकडे वर ओढलेले असतात. मग इथे मे महिन्याच्या दुपारी, पुण्याहून जास्त दाबाच्या आणि तापलेल्या हवेत, इंजिन पहिल्यांदा त्या रांगेत शिरतं. उलट दिशेने, खालून आंबोली चढताना, चूक झाली तरी ती सुरक्षित बाजूला पडते.

म्हणून पुण्याच्या ट्यूनरला दोन गोष्टी आधीच सांगा. मॅपचा अक्ष पूर्ण दाबाचा हवा, गेजवर दिसणाऱ्या बूस्टचा नाही. आणि १.३५ ते १.५ बारच्या रांगा त्याने मोजलेल्या शेवटच्या रांगेपेक्षा ओल्या (पेट्रोल जास्त) आणि इग्निशन दोन अंश मागे अशा भरायच्या. शक्य असेल तर समुद्रसपाटीचा डायनो गाठा. मुंबई याला चालते. हवेतली वाफ मात्र आपल्याला थोडी मदत करते: जूनच्या ३० अंशांच्या पूर्ण दमट हवेत चारेक टक्के जागा वाफच घेते, तेवढी पॉवर कमी, पण नॉकिंगही सौम्य. त्यावर विसंबून मॅप करू नका, डिसेंबरच्या कोरड्या सकाळी ती वाफ नसते.

पहिला स्टार्ट ब्लोअरचा बेल्ट न चढवता घ्या. बायपास आणि ब्लोअरच्या फटीतून इंजिन चालतं. गळती, तापमान, इंधनाचा दाब बघा, मग बेल्ट. पहिल्यांदा गरम होऊन पूर्ण गार झाल्यावर ब्रॅकेटचे सगळे बोल्ट परत आवळा, पट्ट्याचा ताण परत बघा.

एक ८० मिलिमीटरची पुली भाच्याने मेस्त्रींकडून गुपचूप करून आणली आहे. तिने रेशो १.७५ होतो, दाब १.६ पट, आणि ब्लोअरच्या तोंडाशी हवा ११५ अंशांच्या घरात. त्या पुलीसाठी आधी फोर्ज्ड पिस्टन, साडेआठचा रेशो आणि मोठे इंजेक्टर लागतील. तोवर ती कपाटात आहे आणि किल्ली माझ्याकडे.

मिठाचा बंदोबस्त

एअर फिल्टर बंपरच्या मागे खाली घालू नका, पावसात तो पाणी ओढेल, उन्हाळ्यात तांबडी धूळ. बोनेटच्या आत पण गरम हवेपासून आडोसा करून वर ठेवा. फिल्टर तेलाचा असेल तर तेल माफकच, ते इनटेकच्या सेन्सरवर बसतं.

जून ते सप्टेंबर गाडी उभीच राहणार. ब्लोअरच्या रोटरची फट केसापेक्षा फार जाड नसते. आत मीठ आणि ओल राहिली तर अ‍ॅल्युमिनियमवर पांढरे फोड येतात आणि पहिल्याच फेरीला ते केसिंगला घासतात. म्हणून मे संपताना थ्रॉटलच्या तोंडातून थोडं फॉगिंग ऑइल (आतून गंज धरू नये म्हणून फवारायचं तेल) मारून इंजिन बंद करा, फिल्टर काढून तोंडाला जाड प्लास्टिक बांधा, बेल्ट उतरवून ठेवा. पंधरवड्याला एकदा ब्लोअरची पुली हाताने दोन-तीन फेऱ्या फिरवा. ब्रॅकेटला झिंक प्रायमर आणि रंग, बोल्टांच्या डोक्यांवर ग्रीस. इंटरकूलरची टाकी रिकामी करू नका, कूलंटने भरलेली ठेवा. सप्टेंबरात प्लास्टिक सोडायच्या आधी त्यात कोळ्यांनी घर केलं नाही ना ते टॉर्च मारून बघा.